तोंड उघडा, मग नांगर सोडा

बोटीत माणसं चार. त्यांत कॅप्टन किती? चार. ऐकणारे किती? एकही नाही. ही आपल्या बचाव पथकाची परवाची हजेरी.

हसू नका. बोट काठाला लागली, कुणी बुडालं नाही, म्हणून तुम्ही एकमेकांची पाठ थोपटत होता. सापन धरणाच्या संथ पाण्यात, भर उन्हाळ्यात, बोट काठाला लागली यात कसलं आलं कौतुक? तिथं वाहत आलेला ओंडकाही काठाला लागतो. त्याला प्रशिक्षण लागत नाही, गणवेश लागत नाही आणि तो काठाला लागल्यावर फोटोही काढत नाही.

काय घडलं ते ऐका, कारण तुमच्यापैकी एकालाही ते पूर्ण ठाऊक नाही. नांगर टाकायचा होता. पुढचा ओरडला, "घे!" काय घे? बोट मागं घे? दोर घे? की नांगर वर घे? इंजिनवाल्यानं आपल्या सोयीचा अर्थ काढला आणि बोट पुढं रेटली. मधले दोघं गप्प बसतील तर शपथ. एक म्हणतो "थांब थांब", दुसरा म्हणतो "चल चल". तोवर पुढच्यानं नांगर भिरकावला होता. बोट आपल्याच दोरावर चढली. दोर पंख्यात गुंडाळला गेला नाही, हे तुमचं कसब नाही. नशीब आहे. आणि नशिबाच्या भरवशावर पुरात उतरायचं असेल तर पथक कशाला हवं? एक ज्योतिषी ठेवू, स्वस्तात पडेल.

तुम्ही अडाणी असता तर मी घसा कोरडा केला नसता. तुम्ही पट्टीचे पोहणारे. पन्नास किलोचं पोतं खांद्यावर टाकून जिना चढणारे. इंजिन खोलून पुन्हा जोडणारे. म्हणून तर राग येतो. जमत नाही त्याला शिकवता येतं. जमतं पण करायचं नाही, त्याला काय शिकवायचं?

जमतं की नाही, ते मी बाजार समितीत रोज पाहतो. तुरीच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली अरुंद बोळात मागं घ्यायची असते, तेव्हा तुम्ही कसे वागता? एकच माणूस मागं उभा राहतो. ड्रायव्हरला दिसेल असा. "येऊ दे, येऊ दे, डावीकडं मार, येऊ दे... बस!" 'बस' म्हटल्याबरोबर ब्रेक लागतो. तो माणूस दिसेनासा झाला तर ड्रायव्हर थांबतो, खाली उतरून पाहतो. दुसरा कुणी मधे बोलला तर त्याला शिवी पडते. हे कुणी शिकवलं तुम्हाला? कुणीच नाही. भिंत पडली तर मालक पैसे कापेल, या भीतीनं शिकलात. म्हणजे तुरीच्या पोत्यांसाठी तुम्हाला शिस्त आहे, माणसांसाठी नाही. बोटीला तर ब्रेकही नसतो, राजेहो. मग तिथं जास्त बोलायला हवं की कमी?

आता तुमच्या सबबी घेऊ. एकेक करून. सगळ्या जुन्या आहेत.

पहिली. "सर, इंजिनचा आवाज होता, ऐकूच नाही आलं." इंजिन त्या दिवशी पहिल्यांदा वाजलं का? ते वाजणार हे कालही माहीत होतं, परवाही माहीत होतं. नाचता येईना अंगण वाकडं. आवाज पोचत नसेल तर हात वापरा. पण काठावरच ठरवलेले हात! मूठ वर म्हणजे न्यूट्रल. तळहात मागं ढकलला म्हणजे रिव्हर्स. बोट ज्या दिशेला रोखलं, त्या दिशेला बोटीचं तोंड. मुंबईच्या गोदीत क्रेनखाली काम करणाऱ्या खलाशांचं दोन शब्दांत भागतं: हबेस म्हणजे वर उचल, आरिया म्हणजे खाली सोड. डोक्यावर टनावारी माल लटकत असतो. तिथं कुणी "घे" म्हणत नाही. तुमच्याकडं शंभर शब्द आहेत आणि त्यांतला एकही ठरलेला नाही.

दुसरी. "आमी रोजचेच आहो सर, आमाले एकमेकांचं समजते." समजते? मग परवा काय समजलं? चहाच्या टपरीवर समजतं ते वेगळं. तिथं चुकलं तर कटिंगच्या जागी फुल येतो. मैत्री म्हणजे संदेश नव्हे. उलट मित्र असल्यामुळंच तुम्ही आळशी झालात. परक्या माणसाला तुम्ही नीट सांगितलं असतं, दोनदा विचारलं असतं. मित्राला गृहीत धरलंत.

तिसरी, आणि सगळ्यांत घातकी. "मले वाटलं त्यानं दोर बांधला." वाटलं! अरे, बांधला का हे विचारायला किती वेळ लागतो? "बांधला?" एक शब्द. "बांधला." दुसरा शब्द. या दोन शब्दांचा कंटाळा आला म्हणून तुम्ही इंजिन बंद केलंत आणि बोट पुन्हा मधे वाहत गेली. पुरात असं झालं असतं तर? इंजिन परत सुरू होईपर्यंत बोट कुठल्या पुलाच्या खांबावर बसली असती? 'मले वाटलं' हे वाक्य चौकशीच्या कागदावर फार वाईट दिसतं. तोवर बैल गेलेला असतो आणि तुम्ही झोपा करत बसता.

चौथी. "इथं कुठं समुद्र आहे, सर? नदीतल्या बोटीले एवढं काहून?" समुद्र अचलपुरात नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण सापन आहे, बिच्छन आहे, खाली पूर्णा आहे. वर मेळघाट आहे. चिखलदऱ्यावर धो धो कोसळला की हेच पाणी ओंडके, झुडपं आणि गाळ घेऊन खाली येतं. समुद्रात निदान भोवती मोकळी जागा असते. पुराच्या पाण्यात विजेच्या तारा असतात, काटेरी कुंपणं असतात, बुडालेले बांध असतात. तिथं चुकायला जागाच नसते. आणि मोठं दल येईल म्हणून निश्चिंत राहू नका. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला आहेत. त्या निघतील, येतील. तोवर पाण्यात कोण असेल? तुम्हीच. हे चार कॅप्टन.

पाचवी सबब तुम्ही बोलून दाखवली नाही. मी दाखवतो. लाज. काठावर लोक उभे असतात. "नांगर सोडू?" "सोड!" असं मोठ्यानं म्हणायला तुम्हाला पोरकट वाटतं. शाळेतल्या कवायतीसारखं. न बोलता काम करणारा हुशार, असा तुमचा समज आहे. कुणी घातला हा समज डोक्यात? सिनेमातल्या हिरोनं? त्याची बोट बुडत नाही, कारण ती स्टुडिओच्या हौदात असते.

मोठ्या जहाजावर जाऊन पाहा. कॅप्टनची उभी हयात पाण्यात गेलेली असते. तरी नांगर टाकताना तो पुढच्या टोकावरच्या अधिकाऱ्याच्या तोंडाकडं कान लावून असतो. का? कारण वर ब्रिजवरून त्याला साखळी दिसत नाही. पुढचा अधिकारी सांगत राहतो: किती शॅकल साखळी गेली, ती कोणत्या दिशेला ताणली आहे, सैल आहे की घट्ट, नांगरानं पकड घेतली की तो घसरतोय. एक शॅकल म्हणजे साडेसत्तावीस मीटर. साखळी वर येताना किती शॅकल उरले ते घंटेच्या टोल्यांनी कळवायची रीत आहे. सुकाणूवरच्या माणसाला हुकूम मिळाला की आधी तो तोच हुकूम जसाच्या तसा उलट म्हणतो. मग सुकाणू फिरवतो. फिरवून झालं की पुन्हा सांगतो, झालं म्हणून. एका हुकुमासाठी तीन वेळा तोंड उघडतं. जहाजांवर वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या भाषांची माणसं असतात, म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ साली बोलायची वाक्यंच ठरवून दिली. त्या लोकांना लाज वाटत नाही. तुम्हाला वाटते. तुम्ही त्यांच्यापेक्षा मोठे खलाशी झालात का?

समुद्र दूर राहू द्या. आपली शकुंतला आगगाडी आठवा. तिला कधी घाई झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. तरी गार्डची हिरवी झेंडी पाहिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नव्हता. गार्ड आणि ड्रायव्हर वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखत असतील, एका डब्यात जेवत असतील. पण "त्याले समजते नं" म्हणून झेंडीविना गाडी सोडायची सोय नव्हती.

आता नीट ऐका. नांगराचं काम कसं चालतं ते तुम्हाला शिकवलंय. पाटीवर लिहून घेतलंय. तरी पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून पुन्हा सांगतो.

बोटीचं तोंड आधी प्रवाहाकडं. हे इंजिनवाल्याचं काम. बोट जागच्या जागी थांबली की पुढचा विचारणार, "सोडू?" इंजिनवाला म्हणणार, "सोड." मग नांगर हातानं खाली उतरवायचा. भिरकावायचा नाही. तो मासे पकडायचा गळ नाही. तळाला लागला की पुढचा ओरडणार, "तळ!" तेव्हा बोट हळूहळू मागं जाऊ द्यायची आणि दोर सोडत जायचं. किती सोडायचा? खोलीच्या किमान पाचपट. ओढ असेल तर सातपट. आणि खोली पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे, दोर जिथून सुटतो त्या बोटीच्या टोकापासून मोजायची. पाणी चार मीटर, टोक पाण्याच्या वर अर्धा मीटर, म्हणजे साडेचार. पाचपट म्हणजे साडेबावीस मीटर, सातपट म्हणजे साडेएकतीस. परवा तुम्ही किती सोडला? सांगा ना. कुणालाच माहीत नाही. दोरावर दर पाच मीटरला रंगीत चिंधी मी काय शोभेसाठी बांधायला लावली? ती हातातून गेली की आकडा मोठ्यानं म्हणायचा. "पाच. दहा. पंधरा." तो आकडा इंजिनवाल्यासाठी आहे. त्याची पाठ मोटरकडं, नजर पुढं. त्याला दोर दिसत नाही. तुझ्या तोंडातूनच दिसतो.

दोर कमी सोडला तर काय होतं? ओढ वरच्या दिशेला बसते आणि नांगर उचलला जातो. दोर लांब असला की ओढ आडवी बसते आणि नांगर रुततो. एवढं साधं आहे. दोर पुरला की पुढचा तो गुंडाळून बांधणार आणि सांगणार, "बांधला." मग काठावरची दोन खुणेची झाडं एका रेषेत धरायची आणि पाहत राहायचं. रेषा मोडली की नांगर घसरला. ज्याला दिसेल त्यानं ओरडायचं. हळू आवाजात, शेजारच्याच्या कानात नाही.

आणि एक गोष्ट मी पुन्हा पाहिली तर बोटीतून उतरवीन. नांगर मागच्या बाजूनं टाकायचा नाही. कधीच नाही. मागं आधीच इंजिनचं वजन, मागची बाजू बुटकी. प्रवाहात मागून बांधली की पाणी सरळ आत चढतं. परवा एकाच्या हातात दोराचं टोक मागं होतं. का? "जवळ पडत होतं." अरे बाप्पा, जवळ तर मृत्यूही पडतो.

बोट टेकवायची तेव्हाही हेच. आपल्याला मांडव्याचा धक्का मिळणार नाही. कधी घराचा स्लॅब असेल, कधी देवळाची पायरी, कधी खचलेल्या पुलाची कड. पुढच्यानं अंतर म्हणायचं. "दहा. पाच. तीन. दोन. एक. टेकली." नुसतं "आली आली" म्हणजे काय? दहा मीटरवरही आलीच असते आणि हातभरावरही आलीच असते. वेग कमी कुठं करायचा ते इंजिनवाल्यानं पंचांगात पाहायचं का?

टेकेपर्यंत उडी नाही. परवा एकानं मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या उडीनं बोट मागं सरकली आणि मधला तोंडावर पडला, ते कुणी पाहिलं नाही. उतरायच्या आधी विचारायचं, "उतरू?" उत्तर आलं की पाय टाकायचा. बोट आणि भिंतीच्या मधे हातही नाही, पायही नाही. दोर खांबाला आधी एक वेढा, मग धरायचा, मग बांधायचा. मनगटाला गुंडाळायचा नाही. पुढचा "बांधला" म्हणेपर्यंत इंजिन बंद नाही. पाण्यात माणूस दिसला की पहिला शब्द "न्यूट्रल". ज्याला दिसला त्यानं उच्चारायचा आणि इंजिनवाल्यानं तो उलट म्हणायचा. पंखा फिरत असताना माणसाला ओढायला जाल तर वाचवायला गेलात की कापायला, हे त्याच्या घरच्यांना तुम्ही समजावून सांगा. मी येणार नाही.

एका वेळी एकच तोंड हुकूम देणार. बाकीचे गप्प. पण एक शब्द सगळ्यांचा आहे: "थांबा." तो कुणीही, कधीही म्हणू शकतो. नवखा सुद्धा. तो ऐकला की आधी थांबायचं, मग विचारायचं, मग वाटलंच तर भांडायचं.

हे का सांगतो? २७ मार्च १९७७. टेनेरिफ बेटाचा विमानतळ, दाट धुकं, धावपट्टीवर दोन जंबो विमानं. एका विमानाच्या वैमानिकाला टॉवरचं "ओके" ऐकू आलं. त्यापुढचं "थांबा" आणि दुसऱ्या विमानाचं "आम्ही अजून धावपट्टीवर आहोत" हे एकाच वेळी बोललं गेलं आणि रेडिओत एकमेकांवर आदळून विरलं. त्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्यानं विचारलं सुद्धा. कॅप्टननं उडवून लावलं आणि तो गप्प बसला. ५८३ माणसं गेली. ते कोण होते? नवशिके? नाही. कॅप्टन तर त्या कंपनीचा नावाजलेला वैमानिक होता. दोघं एकदम बोलले, एकानं अर्धवट ऐकलं, एकानं शंका गिळली. परवा तुमच्या बोटीत याहून वेगळं काय घडलं? फक्त पाणी संथ होतं.

पाणी नेहमी संथ नसतं. १४ सप्टेंबर २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात, वरूड तालुक्यात झुंजजवळ, वर्धा नदीत नाव उलटली. अकरा माणसं गेली. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारीच बोट उलटली. २३ मे २०२४ ला अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घ्यायला गेलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. त्यांच्या कुणाच्याही चुका मी काढत नाही. तो माझा अधिकार नाही आणि प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी. मी एवढंच सांगतो: ते जवान तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेले होते. पाणी त्यांनाही सोडत नाही. मग तुम्हाला कोणत्या नात्यानं सोडेल?

मला माहीत आहे, आता मनात काय चाललंय. "वेळ आली की आम्ही बरोबर करू." हा सगळ्यांत गोड खोटेपणा. वेळ आली की माणूस नवीन काही करत नाही. सवय असते तेच करतो. सवय ओरडण्याची असेल तर ओरडेल, गोंधळाची असेल तर गोंधळेल. अंधार असेल, पाऊस तोंडावर मारत असेल, छपरावर एखादी बाई पोराला घट्ट धरून किंचाळत असेल. त्या वेळी तोंडातून आपोआप तेच निघेल, जे संथ पाण्यात हजारदा घोटलंय. आणि तुम्ही काय घोटलंय? "घे."

"वॉकीटॉकी मिळाली तर..." असं कुणीतरी पुटपुटलं मघाशी. मिळेल. अर्ज मी करतो. पण त्यातून जाईल काय? तेच "घे", जरा महाग होऊन. ज्याला काय बोलायचं ते ठरवता येत नाही, त्याला कशातून बोलायचं याची फिकीर कशाला?

तेव्हा आता सांगतो ते करायचं. उद्या सकाळी सहाला यायचं. पेट्रोल आणायचं नाही, इंजिन लावायचं नाही. बोट कोरड्या जमिनीवर ठेवायची, चौघांनी जागा धरायच्या आणि नांगर टाकणं, काढणं, टेकवणं, बांधणं, सगळं तोंडानं आणि हातानं करायचं. लोक हसतील. हसू द्या. नंतर जागा बदलायच्या: पुढचा मागं, मागचा पुढं. दोर धरल्याशिवाय इंजिनवाल्याला दोरवाल्याचे हाल कळत नाहीत. मग कान बंद करून फक्त हातांच्या खुणांवर. मग डोळ्यांना पट्टी बांधून फक्त आवाजावर. ज्याचा हुकूम उलट म्हटला गेला नाही, त्याचा हुकूम झालाच नाही असं धरायचं. एकही "घे", एकही "आली आली", एकही "मले वाटलं" ऐकू आलं की पहिल्यापासून. हे साधल्याशिवाय बोट पाण्याला लागणार नाही. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून सूट नाही. पावसाळा तोंडावर आहे, म्हणूनच सूट नाही.

कळलं?

पुन्हा माना डोलावल्यात! एवढा वेळ मी कुणाशी बोलत होतो? मान डोलावणं म्हणजे उत्तर नव्हे. तू, पुढचा. उभा राहा. उद्या किती वाजता, काय आणायचं नाही आणि बोट कुठं ठेवायची? माझे शब्द मला परत सांग. मोठ्यानं.